पावसाळ्यात ट्रेनरवर बसताय? ॲप असं निवडा

पावसात सिंहगडाचा घाट निसरडा झाला की पुण्यातले सायकलवाले घरात ट्रेनर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायचं यंत्र, लावतात आणि त्याला सरावाचं ॲप जोडतात. ॲपचं वर्षाचं वर्गणीचं पॅक लगेच घेऊ नका. पाऊस चार महिन्यांचा, महिन्याचं पुरतं. सुरुवात मायवूशपासून करा, ते फुकट आहे. सोबत आणि शर्यतीची चुरस हवी तर झ्विफ्ट. नुसता शिस्तीचा सराव हवा तर ट्रेनररोड. खऱ्या रस्त्यांचे व्हिडिओ आवडत असतील तर रूवी.

दोन ॲपची तुलना करताना दोन्हींवर तोच सराव करा आणि अर्ग मोडमध्ये (यात ट्रेनर स्वतःच जोर कमी-जास्त करून ठरलेली ताकद टिकवतो) ठरलेले वॉट किती लवकर स्थिरावतात ते बघा. दुसरं ॲप उघडण्याआधी पहिलं पूर्ण बंद करा, नाहीतर ब्लूटूथ तिथेच अडकून राहतं आणि ट्रेनर सापडतच नाही. पंखा मात्र समोर हवाच, आपल्याकडच्या दमटपणात त्याशिवाय निभाव नाही.