ट्रान्सप्लांटनंतर ताप जाईना, गाठ आली? पीटीएलडीचा डाऊट कसा घ्यायचा
घरात किडनी नाहीतर लिव्हर ट्रान्सप्लांटचा पेशंट असला की क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), टॅक्रोलिमस (शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून द्यायचं औषध) लेव्हल सगळ्यांना तोंडपाठ होतं, पण पीटीएलडी (पोस्ट-ट्रान्सप्लांट लिम्फोप्रोलिफरेटिव्ह डिसऑर्डर, म्हणजे ट्रान्सप्लांटनंतर लिम्फोसाइट पेशींची बेसुमार वाढ) हे नाव फार कुणी ऐकलेलं नसतं. हा लिम्फोमाच्या, म्हणजे लिम्फोसाइट पेशींच्या कॅन्सरच्या, घराण्यातला आजार, आणि पुष्कळदा त्याच्या मुळाशी एपस्टीन-बार व्हायरस म्हणजे ईबीव्ही असतो. तो ९० टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात गपचूप पडून असतो, टी-सेल्स (व्हायरसशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) त्याला दाबून ठेवतात, आणि रिजेक्शन (शरीराने नवा अवयव नाकारणं) टाळायला आपण देतो ती औषधं नेमकी टी-सेल्सनाच ढिलं पाडतात, मग व्हायरस घुसलेल्या बी-सेल्स (अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढत सुटतात.

ऑपरेशनआधीच विचारा, डोनर आणि पेशंटचं ईबीव्ही आयजीजी (ईबीव्ही आधी होऊन गेलाय का ते सांगणारी अँटीबॉडी टेस्ट) काय आलं? डोनर पॉझिटिव्ह, पेशंट निगेटिव्ह ही जोडी सगळ्यात रिस्की, लहान मुलांत हेच जास्त होतं. मग पहिल्या वर्षी ईबीव्ही पीसीआर (रक्तात व्हायरस किती आहे ते पाहणारी टेस्ट) किती दिवसांनी करायची ते ठरवून घ्या.

लक्ष कशावर? न हटणारा ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं, मानेत काखेत जांघेत गाठ, जुलाब, शौचातून रक्त. मुलांचे टॉन्सिल सुजून ती घोरायला लागतात. कधी नुसतं क्रिएटिनिन चढतं आणि सगळे रिजेक्शनच समजतात.

आता मेन मुद्दा. आपल्याकडे ताप आणि गाठ म्हटलं की टीबी, आणि ते अगदीच चूक नाही, या पेशंटना टीबी होतोच. पण नुसत्या अंदाजावर एकेटी (टीबीची औषधं) सुरू होत असेल तर आधी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन करा, कारण त्यातल्या रिफॅम्पिसिनने टॅक्रोलिमसची लेव्हल धाडकन पडते, म्हणजे टीबी नसायचाच आणि किडनी मात्र धोक्यात. बायोप्सी होऊ दे. सुईच्या एफएनएसीवर (बारीक सुईने थोड्या पेशी ओढून केलेली तपासणी) भागवू नका, जमत असेल तर अख्खी गाठ काढून द्या, त्यातच टीबीची तपासणी, सीडी२० (बी-सेल्सवरची खूण) आणि ईबर (गाठीत ईबीव्ही आहे का ते पाहणारी) टेस्ट करायला सांगा. पीसीआर निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असंही नाही, बऱ्याच वर्षांनी होणाऱ्या पीटीएलडीत ईबीव्ही पुष्कळदा सापडतच नाही.

ट्रीटमेंटची पहिली पायरी म्हणजे इम्युनोसप्रेशन, म्हणजे रिजेक्शन टाळायची औषधं, कमी करणं, काहींचं तेवढ्यानेच मागे हटतं. पण म्हणून घरच्या घरी गोळ्या बंद करायच्या नाहीत!! नाहीतर रिजेक्शन आलंच. सीडी२० पॉझिटिव्ह असेल तर पुढे रिटुक्सिमॅब (सीडी२० असलेल्या पेशी मारणारं औषध), गरज पडली तर किमो. रिटुक्सिमॅबच्या आधी हिपॅटायटिस बीची टेस्ट झाली का ते नक्की विचारा, दबून असलेला हिपॅटायटिस बी त्या औषधाने परत उठू शकतो.