शेप-लोगनपासून सोललेल्या नारळापर्यंत

सीटी स्कॅनच्या मोजमापांतून चित्र परत बांधणारी पद्धत तपासायची तर उत्तर आधीच माहीत असलेलं चित्र लागतं; शेप-लोगन हे डोक्याच्या छेदाचं तसंच एक नमुना-चित्र. सगळ्यात आधी त्याचं कोणतं रूप हाताशी आहे ते बघा. 1974 च्या मूळ चित्रात दहा लंबवर्तुळं आहेत, घनता अशी: कवटी 2.0, मेंदू 1.02, गाठी 1.03. मॅटलॅब हे गणिताचं सॉफ्टवेअर न सांगता देतं ते सुधारित रूप, त्यात मेंदू 0.2 आणि गाठी 0.3. एक टक्क्याचा फरक पन्नास टक्क्यांचा झाला की कुठलीही पद्धत हुशार दिसते. कमी फरकाच्या गाठी दिसतात असं म्हणायचं असेल तर मूळच घ्या.

चित्र फ्लोटमध्येच, म्हणजे दशांश आकड्यांतच साठवा. 0 ते 2 हा पल्ला 8 बिटांच्या पीएनजीत कोंबला की एक पायरी होते 0.0078, म्हणजे गाठ आणि मेंदू यांच्यात जेमतेम एका पायरीचं अंतर. मग दोन दिवस फिल्टर बदलत बसायचं आणि चूक निघते फाइलमध्ये. बघताना विंडो, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा पल्ला, 0.99 ते 1.05 ठेवा, नाहीतर आत सगळा सपाट करडा रंग.

सायनोग्राम, म्हणजे वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या प्रक्षेपणांचा तक्ता, त्याच पिक्सेलच्या जाळीवरून काढून त्याच जाळीवर उलटवू नका. ही पेपर फोडून परीक्षा देण्यातली गत. लंबवर्तुळाचं प्रक्षेपण सूत्रानेच मिळतं. r त्रिज्येच्या एका वर्तुळापासून सुरुवात करा: केंद्रापासून s अंतरावर जीवा 2√(r²−s²), गुणिले घनता. 256 च्या चौकटीचा कर्ण 362.04, म्हणून डिटेक्टरचे कप्पे 363. कोन साधारण 402. 0 अंश घेतला तर 180 घेऊ नका, तीच बाजू दोनदा मोजली जाते. फिरण्याचं केंद्र अर्धा पिक्सेल सरकलं तरी कडा दुहेरी दिसतात.

गोंगाट, म्हणजे फोटॉन मोजताना होणारा यादृच्छिक चढउतार, घालण्याआधी एकक सेंटिमीटरमध्ये आणा. पाण्याचा क्षीणन गुणांक (किरण किती वेगाने घटतात ते) अंदाजे 0.2 प्रति सेंमी, 20 सेंमी पाण्यातून 1,00,000 पैकी सुमारे 1,800 फोटॉन पार होतात. लांबी पिक्सेलमध्येच राहिली तर सगळे शून्य, आणि शून्याचा लॉग घेतला की चित्रभर पट्टे.

खऱ्या स्कॅनरवर वेळ मिळालाच तर नारळ न्या. असोला नको, सोललेला: करवंटी म्हणजे कवटी, आत खोबरं, पाणी, हवा. स्कॅनआधी थोडा वेळ हलवू नका, पाणी डुचमळलं तर पट्टे येतात. पण आतली खरी मापं माहीत नसतात, म्हणून नारळ फक्त डोळ्यांनी पारखायला. आकडे काढायला पाण्याचं भांडं. त्यात शुद्ध केलेलं पाणीच भरा, खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी शून्य एचयूच्या (हाउन्सफील्ड एकक, शुद्ध पाणी म्हणजे शून्य) वर दाखवतं. बुडबुडे टिचक्या मारून वर काढा.

शेवटचं आषाढापुरतं: फेरीफेरीने चित्र सुधारत नेणारी पुनरावृत्तीची पद्धत रात्रभर लावणार असाल तर दर 50 फेऱ्यांनी चित्र डिस्कवर टाका. पाऊस धरला की लाइट कधी जाईल नेम नाही, आणि यूपीएस फार तर मशीन नीट बंद करण्याइतकाच वेळ देतो.