पिंपलसाठी घरचा लेप: काय लावायचं, किती वेळ ठेवायचं, आणि लिंबू का नको

रंगपंचमीला आमच्याकडे इंदूरला दरवर्षी हेच. राजवाड्याला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला सगळी फौज जाते, टँकरच्या फवाऱ्याखाली भिजून, गुलालानं माखून येते, मग एकेक जण साबण घेऊन अर्धा अर्धा तास तोंड घासतो आणि दोन दिवसांनी भाची आरशासमोरून ओरडते, आत्या हे बघ ना काय झालं! हनुवटीवर पाच, कपाळावरचे मोजलेच नाहीत. आणि मग घरातल्या प्रत्येक बाईकडे एक एक नुस्खा असतो, आजीचं जायफळ, काकूचं लिंबू, शेजारच्या भाभींची टूथपेस्ट. म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकावं.

आधी एवढं समजून घ्या की मुरूम म्हणजे मळ नाही. कातडीच्या बारीक छिद्रांतून तेल येतं, वयात येताना हार्मोनमुळे ते जास्तच येतं, त्यात मेलेली कातडी अडकते, छिद्राचं तोंड बंद होतं, आत जंतू वाढतात आणि वर लाल फोड येतो. म्हणजे सगळा कारभार आतला, आणि आपला लेप बसतो वर. त्यानं वरचं तेल कमी होतं, लाली थोडी उतरते, चेहरा हलका वाटतो. चार-दोन बारीक पुटकुळ्या असतील, नाकावर काळे ठिपके असतील तर ठीक आहे, पण आतून ठणकणाऱ्या गाठी मुलतानी मातीनं बसतील असं कोणी सांगत असेल तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

आता मुलतानी. मी पुडीतली आणत नाही, सियागंजातून ढेकळं आणते, स्वस्त पडतात आणि दिसतं तरी आपण काय घेतोय. वाटीत ढेकूळ ठेवून वरून पाणी घाला आणि हलवू नका, नुसतं बघा, सुस्स करून बुडबुडे येतात आणि ढेकूळ आपोआप कडेनं ढासळत जातं, पाच-दहा मिनिटांत लोणी. घाई करून चमच्यानं फोडलं की गुठळ्या राहतात आणि त्याच मग गालावर खरखर करतात. दोन चमचे भिजलेली माती, लागलं तर थोडं गुलाबजल, बस. दही, मध, संत्र्याची साल, चंदन सगळं एकदम घालू नका, कारण उद्या खाज आली तर कशानं आली ते कळणार नाही (आणि चंदनाच्या नावानं जी पावडर मिळते तिच्यात चंदन किती ते देवालाच माहीत).

खरी चूक पुढे होते. लेप लावून पंख्याखाली बसायचं, तो तडकेपर्यंत, हसलं तर भेगा पडतील इतका, आणि म्हणायचं की आता काम करून राह्यलाय. अहो तो काम नाही करत, कातडीचं पाणी ओढतोय! कडेकडेनं रंग फिका पडायला लागला आणि मधे अजून ओलसर आहे, तेव्हाच धुवायचा. आपल्या इंदूरच्या मे महिन्यात पाच-सात मिनिटं, पावसाळ्यात दहा. ओल्या बोटांनी आधी भिजवून मऊ करा मग धुवा, ओढून काढू नका. आठवड्यातून एकदा, फारच तेलकट असेल तर दोनदा. रोज लावला तर चेहरा कोरडा, लाल होऊन जळजळायला लागतो आणि मग वाटतं पिंपल वाढले म्हणून अजून लावा. कातडी मुळातच कोरडी असेल तर मुलतानीच्या नादाला लागूच नका, त्यापेक्षा एक चमचा बेसन आणि दोन चमचे ताजं दही बरं, आंबट झालेलं नको, तेही पाच मिनिटंच.

लाल फोड आला असेल तर त्यावर मला मध आवडतो. मधात जंतूंना वाढू न देण्याचा गुण असतो, आणि हळदीनं सूज उतरायला मदत होते. पाव चमचा मधात नखाच्या टोकावर मावेल इतकी हळद, आणि ती फक्त फोडावर, सगळ्या तोंडाला नाही, दहा मिनिटांनी कोमट पाण्यानं धुवायचं. स्वयंपाकघरातली हळद पिवळी करून सोडते हं, दुसऱ्या दिवशी कॉलेज असेल तर रात्री लावा नाहीतर कस्तुरी हळद घ्या, ती फारशी रंगत नाही, फक्त दुकानदाराला दोनदा विचारा कारण तिच्या नावावर बरंच काही खपतं.

कोरफड, म्हणजे आपल्याकडे भाजीवाले ज्याला ग्वारपाठा म्हणतात ती. पान कापलं की लगेच गर चोळायची सवय असते सगळ्यांना. थांबा. कापलेलं टोक खाली करून पान ग्लासात उभं ठेवा पंधरा-वीस मिनिटं, पिवळा कडू चीक खाली उतरतो, त्यानंच कित्येकींना खाज येते. मग साल काढून गर धुऊन घ्या आणि फक्त पारदर्शक भाग लावा. गेरवरून आल्यावर चेहरा रगडून लाल झाला असेल तर माती नको, हळद नको, हीच लावा. आणि गेरला जाताना तोंडाला खोबरेल थापायची पद्धत आहे ना, ज्यांना मुरूम येतात त्यांनी ते टाळा, त्या तेलानं छिद्रं अजून बुजतात, साधं हलकं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन पुरे.

आता लिंबू. मी एकोणीस वर्षांची असताना मावसबहिणीच्या साखरपुड्याच्या दोन दिवस आधी लिंबू आणि खाण्याचा सोडा लावला होता, कोणी सांगितलं ते जाऊ द्या. आग होत होती तर मला वाटलं काम होतंय! मग धुऊन तशीच भर दुपारी शीतलामाता बाजारात साडीला फॉल लावायला गेले. दोन्ही गालांवर तपकिरी डाग आले, साखरपुड्याच्या फोटोंत मी प्रत्येक ठिकाणी कोणाच्या तरी मागे आहे आणि डाग जायला कित्येक महिने लागले. आपली कातडी किंचित आम्ल असते, पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) पाचच्या आसपास, लिंबाचा दोनच्या आसपास आणि सोडा आठच्या वर, म्हणजे दोन्हीकडून मार. त्यात लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की भाजल्यासारखं होतं, डाग मागे राहतात. टूथपेस्टचं पण तेच, फोड वाळतो आणि आजूबाजूची साल निघते. आजीचं सहाणेवर उगाळलेलं जायफळ मला प्रिय आहे, वास तर काय सांगू, पण चुरचुरतं, लाल झालेल्या फोडावर नकोच.

कुठलाही लेप आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावा, एक-दोन दिवस वाट बघा, खाज-लाली नाही आली तरच तोंडाला. लेप धुतल्यावर मॉइश्चरायझर लावायचंच, तेलकट चेहऱ्यालाही. डॉक्टरांनी दिलेलं अॅडापलीन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड असं मुरमांचं औषध चालू असेल तर हे सगळे प्रयोग बंद, कातडी आधीच नाजूक झालेली असते. आणि फोडू नका, खड्डा राहतो. पोह्यांना दोष देऊ नका, जिलेबी मात्र रोज नको, फार गोड आणि मैदा खाण्याचा मुरमांशी थोडा संबंध दिसतो.

एक गोष्ट रागानंच सांगते. माझ्या एका मैत्रिणीला मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय एक क्रीम दिलं, आठवड्यात चेहरा लख्ख, सगळ्या विचारायला लागल्या. त्यात स्टेरॉइड होतं. बंद केलं की दुप्पट मुरूम, कातडी पातळ, उन्हात गेलं की लालबुंद. दुकानदाराला विचारून क्रीम आणू नका, त्यापेक्षा आपली माती बरी! गाठी असतील, डाग-खड्डे पडत असतील, किंवा पाळी अनियमित आणि हनुवटीवर केस असं सगळं एकत्र असेल तर सरळ स्किनच्या डॉक्टरकडे जा, पाळीचं असेल तर गायनिककडे पण. औषधाला आठ ते बारा आठवडे लागतात, दहाव्या दिवशी डॉक्टर बदलू नका.

लेप ताजाच करा, फ्रिजमध्ये ठेवू नका, त्यात टिकवायला काही घातलेलं नसतं. उरलेली माती बेसिनमध्ये ओतू नका, पाइपात जाऊन बसते, कुंडीत टाका. मधवाला लेप मात्र कुंडीत नको, मुंग्या येतात. हे मी तुम्हाला सांगून राह्यलेय आणि आमच्या तुळशीत कालच रांग लागलीय.