जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला जाताय? उजाडायच्या आत पोहोचा

पुण्यात जुन्या गाड्यांचे मेळावे भरतात ते बहुतेक हिवाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारी. पत्रिकेवर वेळ दहाची असते. पाहुणे दहाला येतात, फीत कापतात, आणि गर्दीही तेव्हाच लोटते. बाबांची १९६७ ची फियाट घेऊन मी अठरा वर्षं अशा मेळाव्यांना जातेय. नवीन कोणी विचारलं की मी एकच सांगते, सहाला या.

सहाला गाड्या एकेक करून मैदानात येत असतात. ट्रेलरवरून उतरवलेली गाडी रात्रभराची गार असते, तिला उठवावं लागतं. बॉनेट उघडून पेट्रोल पंपाची कळ हातानं चार-सहा वेळा मारतात, चोक ओढतात, आणि मग कोणीतरी पुढे जाऊन हँडल लावतं. त्या माणसाच्या अंगठ्याकडे बघा. जाणता माणूस हँडल मुठीत आवळत नाही. अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवतो आणि हँडल खालून वर ओढतो. इंजिन उलटं फिरलं तर हँडल असा झटका मारतं की पलीकडून अडकलेला अंगठा मोडतो. बाबांनी मला हँडल मारायला शिकवलं तेव्हा गाडी सुरू करायचं नावच नव्हतं, कितीतरी दिवस नुसता अंगठा कुठे ठेवायचा तेवढंच. मग इंजिन पकडतं. आधी एका सिलिंडरवर खोकल्यासारखं, मग दोन, मग चारही एका लयीत. पेट्रोलचा आणि जळक्या ऑइलचा वास पसरतो आणि गाडीवाला हळूहळू चोक आत ढकलत कान लावून उभा राहतो. दहाला तुम्ही येता तेव्हा हीच गाडी दोरीपलीकडे पुसूनपासून गप्प उभी असते.

कपडे साधे, सुती. पट्ट्याचं धातूचं बक्कल आणि पाठीवरची सॅक, दोन्ही घरी ठेवा. वाकून आत बघताना बक्कल दरवाज्यावर घासतं, आणि मागे वळताना सॅक कोणाच्या तरी मडगार्डला लागते. क्रोमला बोट लावू नका, घामाचा डाग राहतो. लहान मुलांना जरूर आणा, फक्त हात धरून ठेवा. गाडीवाल्याला विचारलंत तर दहातले आठ जण स्वतःहून मुलाला स्टिअरिंगमागे बसवतात. न विचारता दार उघडलंत तर तोच माणूस दिवसभर बोलणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. स्वतःची गाडी लांब लावून चालत या.

आता बोलायचं काय? "केवढ्याला घेतली?" आणि "ॲव्हरेज किती देते?" हे दोन प्रश्न प्रत्येक मालकाला सकाळपासून शंभरदा विचारलेले असतात. "गाडी आधी कोणाची होती?" असं विचारून बघा. मी एकदा एका काकांना त्यांच्या मॉरिस मायनरबद्दल विचारलं. त्यांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून औषधाची जुनी बाटली काढली. तिच्यात तळाला चिमूटभर करडी माती होती. गाडी त्यांच्या मामांची, नारायण पेठेतली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ती वाड्याच्या देवडीत छपरापर्यंत पाण्यात होती. पुढे कितीतरी वर्षांनी यांनी ती पूर्ण उलगडली तेव्हा दाराच्या खालच्या पट्टीच्या पोकळीत पुराचा गाळ दगडासारखा बसलेला निघाला. पत्रा नवीन घातला, गाळ ठेवला. बाटली हातात घेऊन मी बराच वेळ उभी होते. अशा गोष्टी गाडीपुढच्या फलकावर लिहिलेल्या नसतात.

मिस्त्रीशी बोलायला तर चुकूच नका. मालक कडक इस्त्रीत पुढे उभा असतो. मिस्त्री मागे, झाडाखाली, तेलकट फडकं खांद्यावर टाकून. प्लगचं अंतर तो हॅकसॉच्या पात्यानं बघतो आणि कार्ब्युरेटर नुसत्या कानानं लावतो. चहा विचारा, शेजारी बसा, आणि तो काम करत असेल तर मध्ये बोलू नका. ही माणसं आता सत्तरीच्या पुढची आहेत, त्यांच्या हाताखाली शिकणारी पोरं फार थोडी, आणि मला या सगळ्या छंदात याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते.

शब्दांचा थोडा खुलासा. जुनी दिसली की आपण सरसकट विंटेज म्हणतो. जगभरच्या जाणकारांच्या हिशेबात विंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधली गाडी, म्हणजे मैदानावरच्या बहुतेक गाड्या त्यात बसत नाहीत. त्यांना क्लासिक म्हणावं. सरकारी व्याख्या आणखी वेगळी आहे. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण मग ती मेळावा, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. माझी फियाट पन्नाशी ओलांडून बसली आहे, तरी मी साधीच नोंदणी ठेवली आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करते, कारण रविवारी मला तिच्यातून मंडईत जायचं असतं. आणि हो, गोल पाठीच्या जुन्या फियाटला कोणी 'डुक्कर फियाट' म्हणालं तर दचकू नका, ते लाडाचं नाव आहे. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, ते बघून घ्या.

चकाकीला भुलू नका, एवढं नक्की सांगेन. नव्या रंगाची गाडी लांबून छान दिसते. पण एखादी अशी असते जिचा रंग उडालाय, सीटवर टाके घातलेत, ॲक्सिलरेटरचं रबर एका बाजूनं झिजलंय, आणि काचेवर कंपनीचा मूळ शिक्का आहे. माझे दोन तास तिच्यापाशी जातात.

शनिवारी टीएसडी, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स रॅली असेल तर नाव द्याच. वेगाची शर्यत नाही ती. उघड्या रस्त्यावर, वाहतुकीचे नियम पाळून, दिलेल्या सरासरीनं गाडी न्यायची असते. शेजारी बसणाऱ्या नेव्हिगेटरच्या हातात रोडबुक असतं, त्यात प्रत्येक वळणाचं छोटं चित्र. ठिपका म्हणजे तुम्ही आलात ती बाजू, बाण म्हणजे जायची. या चित्रांना ट्यूलिप म्हणतात, हॉलंडमधल्या ट्यूलिप रॅलीवरून. हिशेब तोंडपाठ ठेवा. ताशी ३६ म्हणजे मिनिटाला ६०० मीटर, ताशी ३० म्हणजे ५००. सुरुवातीला आयोजकांनी मोजून दिलेल्या अंतराशी आपलं मीटर ताडून घ्या. त्यांचे १० किलोमीटर तुमच्या मीटरवर १०.४ येत असतील, तर दिवसभर तोच फरक धरून चालायचं. नवखे हरतात ते घाईनं. वेळ तपासणारे मार्शल कुठे बसलेत हे माहीत नसतं, आणि लवकर पोहोचल्याचा दंड बहुतेक ठिकाणी उशिरापेक्षा जास्त असतो.

स्वतःची जुनी गाडी आणणार असाल तर आठवडाभर आधी बॉनेट उघडा. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला खातं आणि पाणी ओढून घेतं. पेट्रोलची नळी चिमटीत दाबून बघा, मऊ पडली किंवा भेगाळली असेल तर लगेच बदला. टाकी भरून महिनोन्महिने उभी ठेवू नका. डिकीत फॅन बेल्ट, पॉइंट, कंडेन्सर, दोन प्लग, पाच लिटर पाणी, ओढायचा दोर, आणि एक जुनं सुती फडकं. फडकं कशाला ते मला कात्रजच्या जुन्या घाटात कळलं. फेब्रुवारीची दुपार, पुढे ट्रकची रांग, बोगद्याच्या अलीकडे गाडी बंद पडली ती पडलीच. पंपात पेट्रोलची वाफ झाली होती. मागून येणाऱ्या एका गृहस्थांनी स्वतःचा रुमाल भिजवून पंपावर गुंडाळला, म्हणाले, "दहा मिनिटं थांबा, ताई." दहा मिनिटांत पंप निवला आणि गाडी चालू झाली. तेव्हापासून ते फडकं गाडीतून हललेलं नाही.

दुसऱ्याच्या गाडीला तुमच्या बॅटरीनं चालू करून द्यायची वेळ आली तर आधी मालकाला विचारा. जुन्या इंग्लिश गाड्यांत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असते, आजच्या गाड्यांच्या नेमकी उलट. सवयीनं क्लिपा लावल्यात तर वायरिंग जळेल.

सुट्या भागांचे स्टॉल असतील तर सोबत आपला मोडका भाग न्या, नुसत्या आठवणीवर घेऊ नका. मिळालं नाही तर नाना पेठ आहेच, आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. माझ्या फियाटच्या टेललाइटची मूळ काच मला तिथेच, कुलपांच्या ढिगाखाली मिळाली.

अकराच्या सुमारास परतीला लागा. जुन्या गाड्याही तेव्हाच निघतात, ऊन तापायच्या आत. रस्त्यात एखादी पुढे लागली तर अंतर ठेवा. ड्रमचे ब्रेक लगेच धरत नाहीत, आणि मागून हॉर्न वाजवल्यानं ती पळणार नाही. तिला दिवे लावून वळण दाखवता येईलच असं नाही. सुरुवातीच्या मॉरिस मायनरच्या तर दारामागच्या खांबातून छोटा नारिंगी हात बाहेर येतो. तो दिसला, किंवा चालकाचा स्वतःचा हात खिडकीबाहेर आला, की वेग कमी करा आणि तिला वळू द्या.