गवती चहा लावताय? आधी बुडखा बघा, मग रान

मृगाच्या पहिल्या सरीवर घाई नको. जमीन वीतभर खोल भिजून वाफसा आला की गवती चहा लावायला घ्या. जुलैअखेर लागवड उरकली, तर पावसाने ताण देण्याआधी मुळ्या धरतात.

याची लागवड जुना ठोंब फोडून, फुटव्यांपासूनच करायची. वाळकी पानं सोला, लांब मुळ्या छाटा, पात वीतभर ठेवून वरची कापा. फुटवा विकत घेणार असाल तर बुडखा नीट पाहा. पांढरट-हिरवा असेल तर चहाचा. लालसर-जांभळा असेल तर बहुधा सिट्रोनेला, म्हणजे तसंच दिसणारं दुसरं गवत. पात सारखीच दिसते, म्हणून फसगत होते. सिट्रोनेला डास पळवायला ठीक, चहात नको.

आपल्या भारी काळ्या रानात खरी अडचण निचऱ्याची. पाणी तुंबलं की बुडखा सडतो आणि मधली पात ओढताच अलगद हातात येते. म्हणून सरी-वरंबे पाडा, वरंब्यावर 2 फूट बाय 2 फुटांवर, एका जागी दोन फुटवे, दोन-तीन इंच खोल लावा. गुंठ्यात साधारण 270 ठोंब बसतात. खोल गाडलेला फुटवाही कुजतो.

चुनखडीच्या रानात नवी पात पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर लोह कमी पडतंय. युरियाने ते भागत नाही. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट घालून संध्याकाळी फवारा, 10-12 दिवसांनी पुन्हा. द्रावण ताजंच वापरा.

पहिली कापणी साडेतीन-चार महिन्यांनी, जमिनीपासून चार-पाच इंच वर. पात करवतीसारखी कापते, हातमोजे घाला. विक्री ठरल्याशिवाय एकरभर लावू नका. घरच्या वापराला न्हाणीच्या पाटाजवळचे दोन ठोंब पुरतात, तेही साबणाचं पाणी थेट बुडाशी न सोडता.

चहाला दोन कपांना एक लांब पात पुरे. गाठ मारून उकळत्या पाण्यात टाका, दोन-तीन मिनिटांत काढा. जास्त उकळली की वास उडतो आणि कडवटपणा येतो. सर्दीत आल्यासोबतचा काढा घशाला बरा वाटतो, पण ताप उतरत नसेल तर दवाखाना गाठा. गरोदरपणात काढा टाळावा.

उन्हाळ्यासाठी पात सावलीत वाळवा. उन्हात रंगही जातो, तेलही. मुठीत चुरचुरली की इंचभर तुकडे करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. ओलसर भरली तर बुरशी धरते.