पहिला सा लावण्याआधी

गायला मंचावर बसलात, छाती धडधडतेय आणि नजर सारखी पहिल्या रांगेतल्या जाणकारांकडे जातेय? मग लगेच आवाज लावू नका. आधी तानपुरा ऐका. पंचम (मालकंस राग असेल तर मध्यम), जोडीच्या दोन तारा, मग खर्ज, म्हणजे खालच्या सा ची तार. जवारी (घोडीवर तारेला मिळणारी झणकार) नीट उघडली असेल तर खर्जातून बारीक, तरंगता स्वयंभू गंधार, म्हणजे न छेडता आपोआप ऐकू येणारा ग, उमटतो. तो सापडेपर्यंत कान तिथेच ठेवा. तो ऐकायचा तर मन गप्प करावंच लागतं, म्हणून मला हा उपाय सगळ्यात खात्रीचा वाटतो. जोडीला श्वास: चार मात्रा आत, आठ मात्रा बाहेर. असं पाच-सहा वेळा केलं की धडधड उतरू लागते. मगच सा लावा, आणि तो भरपूर वेळ धरा. घाई कसली?

लय किती ठेवायची ते तबलजींशी ग्रीनरूममध्येच बोलून घ्या. विलंबितात (संथ लयीत) सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, हुकलीच तर कपाळाला आठी नको. ठेका चालू आहे, पुढच्या आवर्तनात मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) घेऊन समेवर या. सतार, संवादिनी वाजवणाऱ्यांची बोटं भीतीने गार पडतात. त्यांनी मंचावर जाण्याआधी तळवे चोळून ऊब आणावी.