चित्राचं युकुलेले घेताना

अननस किंवा शार्क रंगवलेलं स्वस्त युकुलेले (चार तारांची गिटारसारखी छोटी वस्तू) खेळणं आहे की वाद्य, हे बाराव्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या बाराव्या आडव्या पट्टीवर, कळतं. फोनवरच्या ट्यूनरने तारा जी-सी-ई-ए या स्वरांत लावा. मग प्रत्येक तार आधी मोकळी आणि नंतर बाराव्या फ्रेटवर दाबून छेडा. तोच स्वर बरोबर एक सप्तक वर यायला हवा. काटा जरासा हलला तर चालतं, पण स्वर भलताच चढला तर ते सरळ भिंतीवर टांगायचं. फक्त पहिल्या फ्रेटवरच चढत असेल तर नटच्या, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा उथळ असतात. त्या वाद्यदुरुस्तीवाल्याकडून खोल करून घेता येतात. नव्या नायलॉनच्या तारा सुरुवातीला सारख्या उतरतात, त्याचा दोष वाद्याला देऊ नका. चित्र मात्र हौसेने निवडा!